‘पुरे’ म्हणणारे अच्युतराव

अच्युतराव दाण्यांना जेवू घालण्याइतकं सोपं काम रायपूरच्या तात्यापाऱ्यात दुसरं नसेल. दोन पोळ्या, वाटीभर वरण, मूठभर भात, आणि बायकोचा हात पुन्हा ताटाकडे वळायच्या आत “पुरे!” एरवी सरकारी फाइलीच्या गतीनं चालणारा हा माणूस एवढी चपळाई फक्त तिथंच दाखवायचा.

पाहुण्यांना वाटे, काय संयम आहे! इंदूताईंना मात्र वाटे, आपल्या हाताला चवच नाही. लग्नाला तीस वर्षं होत आली, तरी हे दुःख गेलं नव्हतं. वडाभात झाला, पाटोडीची रस्साभाजी झाली. शेजारणी बोटं चाटत, आणि नवरा “पुरे” म्हणून हात धुवायला उठे. शेवटी त्यांनी हौसच सोडली. मापात कणीक भिजवायची आणि गप्प बसायचं. घरात भांडण नव्हतं, पण बोलणंही आटत चाललं होतं.

खरी गोष्ट अशी, की अच्युतराव अर्धपोटी उठत. संध्याकाळी नव्या रायपूरच्या कचेरीतून परतताना ते गोल बाजारात शिरत आणि उभ्या-उभ्या भजी, समोसे, जिलबी अशी हाणत, की जुनं वैर काढताहेत असं वाटावं. मग तोंड पुसून, चोरासारखे घरी. असं का करतो, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चोरी पकडली ती रक्तातल्या साखरेनं. समता कॉलनीतल्या आहारतज्ज्ञ मंजिरी मॅडमनी नवरा-बायकोला समोर बसवलं आणि अच्युतरावांना जिलबीची कबुली द्यावी लागली. इंदूताईंचा चेहरा खर्रकन उतरला.

“पाहा मॅडम, मी म्हणतच होती. माझ्या हातचं यायले आवडतच नाही!”

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, लहानपणी तुम्हाले कोण वाढत होतं?”

अच्युतरावांनी टेबलाकडे पाहतच सांगितलं,

“आत्या. माय लवकर गेली न, मग राजनांदगावले आत्याकडेच राहिलो. आत्या नाही म्हणत नव्हती. पण दुसऱ्यांदा पोळी मागितली का सगळ्यायसमोर म्हणे, ‘या पोट्ट्याचं पोट हाय का रांजण?’ सगळे हसत. मग मीच आधी ‘पुरे’ म्हणू लागलो. अजूनही कोणी वाढाले आलं का छातीत धडधडते.” मग बायकोकडे न बघताच म्हणाले, “इंदू, तुझ्या हातचं मले आवडते. लय आवडते.”

मायेनं कुणी ‘घे अजून’ म्हणायच्या वयात ज्याची भूक हसण्यावारी गेली, तो पुढं भूक लपवूनच भागवायला शिकतो, असं मॅडमनी समजावलं. इंदूताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण संताप त्याहून जास्त.

“अन् हे तुम्ही मले आज सांगून राहिले? काहून? मी का तुमची आत्या व्हय?”

रविवारी दुपारी इंदूताई त्यांच्या डोक्यावर उभ्या राहिल्या नाहीत. स्वतःचं ताट घेऊन शेजारी बसल्या. वांग्याची भाजी होती. दोन पोळ्या संपल्या. ‘पुरे’ ओठावर आलं. साठीला टेकलेल्या माणसाचे कान लाल झाले, आणि ताटाकडे बघत ते म्हणाले, “इंदू, अजून एक पोळी दे.”

इंदूताईंनी डबा उघडला आणि त्यांना हसू फुटलं.

अच्युतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाट सरकवून उठू लागले, तशी इंदूताईंनी त्यांचं मनगट धरलं.

“अहो, तुमच्यावर नाही हसून राहिली! पोळ्याच संपल्या. मेली सवय, मापातच केल्या. आता भिजवते कणीक. बसा तिथंच, उठाल तर याद राखा!”

आत परात वाजली, पिठाचा डबा उघडला. वेळ लागणारच होता. भाजी निवली, खरकटा हात वाळून गेला, पण अच्युतराव ताटावरून उठले नाहीत.