आमच्या गॅरेजातले न निघणारे फिल्टर

गॅरेजवाल्याच्या घरात किस्से चिंध्यांसारखे साचतात. एक धुऊन वाळत घालावा, तोवर कोपऱ्यात दोन नवे पडलेले! सक्करदऱ्याला आमचं गॅरेज पुढे, घर मागे. माझं देवघर आणि आमच्या यांच्या गाड्या, मधे एकच भिंत. आरती करताना पाना पडल्याचा आवाज येतोच. आणि सगळ्यात जास्त किस्से कशाचे, तर न निघणाऱ्या ऑइल फिल्टरचे.

फिल्टर म्हणजे इंजिनाला लावलेला, लोणच्याच्या बरणीएवढा डबा. झाकणासारखा फिरवून काढायचा. रबराला तेलाचं बोट लावून हातानं बसवला, तर हातानं निघतो. पण लोक ऐकतात कुठे!

*

एक काका होते, स्वतःची गाडी स्वतःच सुधारणारे. गळू नये म्हणून त्यांनी फिल्टर पान्यानं आवळला, मग अजून थोडा, मग अंगाचा सगळा भार देऊन अजून थोडा! गुलाबभाऊ, म्हणजे यांच्यासोबत पहिल्यापासून काम करणारे मेकॅनिक, तो काढता काढता घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, "काका, फिल्टर बसवला का कन्यादान केलं? परत घ्याचाच नाही असा दिला तुम्ही!"

*

याच गुलाबभाऊंनी एकदा चिडून, गाडीखाली झोपूनच, फिल्टरमध्ये हातोडीनं पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आरपार ठोकला. तो धरून डबा फिरवू म्हणाले. फाटला पत्रा! फिल्टर जागेवरच, आणि काळं तेल थेट तोंडावर. माझा सोमवार होता, साबुदाण्याची उसळ द्यायला गेले, तर गाडीखालून नुसते दात दिसले.

"वहिनी, महादेवाच्या आधी माझाच अभिषेक झाला!"

*

दसऱ्याला अवजारांची पूजा मी मांडते. कुंकू लागलं की त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही, हा माझा नेम. एका वर्षी पूजा झाली न झाली तोच एक ताई आल्या. फिल्टरमधून तेल गळत होतं आणि त्यांना दवाखान्यातून सासूबाईंना घरी आणायचं होतं. हातानं फिल्टर निघेना. डब्याला साखळी आवळून फिरवायचा चेनपाना तर देवापुढे! हे दारात उभे राहून देवापुढच्या पान्याकडे बघत होते. गुलाबभाऊच म्हणाले, "वहिनी, देवाले विचारा ना, जरा वेळ पाना देते का!"

मी अक्षता वाहिल्या आणि पाना उचलून दिला. निघालेला डबा पाहून ताई घाबरल्या, "अहो, रक्त लागलंय!"

हे म्हणाले, "कुंकू आहे, ताई. आमच्या घरून सवाष्ण तशीच जात नाही!"

*

मागच्या उन्हाळ्यात यांना लकव्याचा झटका आला. हलका होता, बोलणं-चालणं सुधारलं, पण उजव्या हाताची पकड काही आली नाही. हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत या हातानं एक फिल्टर निघाला तर ठीक. नाही तर शटर पाडतो. स्टुलावर बसून मालकी करणं मले जमत नाही."

तो फिल्टर निघेपर्यंत मी चहा सोडला. लगेच पकडली गेले! "हात माझा रुसला, तू चहावर काहून राग काढून राहिली?" आणि यांनीही कप बाजूला सारला. गुलाबभाऊंनी दोघांची तोंडं पाहिली. "मंग माझा कोण मांडन?"

*

दिवाळी तोंडावर आली. यांच्या हाताला निघावा म्हणून गुलाबभाऊंनी एका गाडीचा फिल्टर गुपचूप ढिला करून ठेवला. मला काय ठाऊक! यांचं जेवण चालू असताना मीही हाताला पदर गुंडाळून जरा बघितलं, तर फिरला की! देव पावला म्हणून अजून थोडा फिरवून ठेवला. दुपारी यांनी बोट लावलं मात्र, फिल्टर टपकन खालच्या घमेल्यात!

हे तेलातल्या डब्याकडे बघत म्हणाले, "ही गाडी इथवर आली तरी कशी गा, गुलाब?" मग हसले, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "आता एखादा खरंच अडकलेला आना. अन् दोघंही दूर उभे राहा."

*

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तशी गाडी आली. फिल्टर गंजलेला, कोणी कधी हात न लावलेला. हे बॉनेटमध्ये वाकले. डब्याला खरखरीत पॉलिश पेपर गुंडाळून उजव्या हाताची बोटं एकेक करून त्यावर बसवली. जोर लावला. हात घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. गुलाबभाऊ चेनपाना पाठीमागे लपवून उभे. यांनी मान वळवून शटरकडे पाहिलं, ते मला दिसलं.

पूजेला बसलं की गुरुजी मला सांगतात, "यजमानांच्या हाताला हात लावा." जोर द्यायचा नसतो, नुसती बोटं टेकवायची, म्हणजे ते कर्म दोघांचं होतं. इतक्या वर्षांची सवय! मी दूरची जवळ कधी गेले कळलंच नाही. यांच्या कोपराला बोटं टेकवली.

यांनी मान वर केली नाही. श्वास धरला. बारीकसा कट्ट आवाज झाला आणि डबा फिरला.

गुलाबभाऊ ओरडलेच, "वहिनी, तुम्ही जोर लावला!"

"नाही बाप्पा! मी फक्त हात लावला."

मी हात मागे घ्यायला गेले, तर हे खाली बघतच म्हणाले, "हात काढू नको वं. नवा बसवाचा आहे अजून."