चांदीचा मुखवटा आणि टरबुजं

माझ्या वडिलांना फसवणं सोपं नव्हतं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. गुजरातेत, उधन्यातल्या एका साडीच्या कारखान्यात ते घडी घालायला आणि लेबल चिकटवायला होते. लेबलावर गुलाबी साडीतली गोरीपान बाई हसत असायची आणि आतली साडी निघायची शेवाळी. हे काम वर्षानुवर्षं करून आबांचं एक तत्त्व पक्कं झालं होतं: लेबल पाहून माल घेतो तो येडा. भाजीवालीकडे गेले तरी ते मेथीची जुडी सोडून आत बघायचे. माय लाजेनं दोन पावलं मागे उभी राहायची.

आबांच्या कारखान्याला सुट्टी बुधवारी, आणि माझी लाडकी मालिका रविवारी सकाळी. तेव्हा मी सातवीत होते. मालिकेचा नायक दिवसा घड्याळं दुरुस्त करायचा आणि संकट आलं की चांदीचा मुखवटा चढवून वेळच थांबवायचा. सगळी दुनिया जागच्या जागी उभी, आणि हा एकटा झगा उडवत गुंडांच्या हातातली पिस्तुलं काढून घेतोय! आमच्या गल्लीतली पोरं, गुजराती असोत, उडिया असोत की आमच्यासारखी खानदेशी, त्या अर्ध्या तासात रस्त्यावर सापडायची नाहीत.

आबांनी त्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. म्हणून रविवारी संध्याकाळी ते पाय धुऊन जेवायला बसले की मी समोर फतकल मारून सगळं सांगायचे. शाळेत मराठी, गल्लीत गुजराती, पण ही गोष्ट मात्र अहिराणीत. आबांचा घास हातातच राहायचा. "मंग? पुढे काय व्हयनं?"

आता खरं सांगायला हरकत नाही. कित्येक रविवारी त्या मालिकेत काहीच व्हायचं नाही. अर्धा तास नायक आणि इन्स्पेक्टर खुर्च्यांवर बसून बोलायचे. एवढंच आबांना काय सांगायचं? दिवसभर उभं राहून आलेला माणूस! मग मी पदरचं घालायचे. एकदा मी तापीला पूर आणला, पुलावर शाळेची बस अडकवली आणि नायकाला वेळ थांबवायला लावली.

"तापीनं पानी उभं राह्यनं?" आबांनी भाकरी खाली ठेवली.

"भिंतीसारखं, आबा! मासे दिसत होते आतले."

त्याचा झगा लालभडक आहे, हेही मीच सांगितलेलं. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर तो राखाडी दिसायचा, पण राखाडी झग्याला काय चव? सोमवारी आबा हे सगळं कारखान्यात घडी घालता घालता सोबत्यांना ऐकवत. माय म्हणायची, बाप आणि पोर, दोघं एका माळेचे मणी.

त्याच वर्षी पर्वत पाटियाला राहणाऱ्या मामानं त्याच्या पोरांना नवा व्हिडिओ गेम घेतला आणि जुना आम्हाला दिला. सोबत एकच कॅसेट होती, विमानं पाडायची. महिनाभरात मी आणि धाकट्या भावानं इतकी विमानं पाडली की आकाशात कावळासुद्धा उरला नाही. आणि मग एका बुधवारी आबा स्टेशनकडच्या बाजारातून आले ते शर्टाच्या खिशावर हात ठेवूनच. चेहरा असा, की माझं लग्न ठरवून आलेत.

"डोळे मिट," म्हणाले.

उघडले तर तळहातावर कॅसेट. तिच्यावर माझा नायक! चांदीचा मुखवटा, कमरेवर हात, मागे उडणारा झगा. मी किंचाळले. शेजारच्या बेन धावत आल्या, त्यांना वाटलं पाल पडली अंगावर.

"दुकानदार म्हणाला, एकदम ओरिजिनल छे," आबा सांगत होते. "आता मीबी पाहीन तुझा तो. इतके दिवस नुसता ऐकतोय." मग स्टिकर निरखत म्हणाले, "पण झगा ते हिरवा शे. तू लाल सांगे ना?"

"लढाईला जाताना बदलतो," मी म्हटलं आणि कॅसेट खोचली.

पडद्यावर आधी कुठल्या तरी परक्या लिपीतली अक्षरं आली. मग टँव टँव करणारं संगीत. मग एक जंगल. आणि जंगलात एक वीतभर बुटका, ढेरपोट्या माणूस, हातात काठी. तो गोगलगायींवरून उड्या मारायचा आणि वाटेतली टरबुजं खायचा. मुखवटा नाही, झगा नाही, वेळ थांबणं तर सोडाच. मला वाटलं, पुढच्या पातळीवर येईल. पुढे गोगलगायींच्या जागी खेकडे आले. तिसऱ्या पातळीनंतर गेम परत पहिल्यावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण तो दुकानदार, मुडदा बशिवला त्याचा!

मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझी नजर आबांवर गेली. ते मांडी घालून, पुढे झुकून, चष्मा पुसून पडद्याकडे बघत होते. "हाऊच शे का तो?"

भाऊ म्हणाला, "छे! हा तर..." त्याच्या मांडीला मी असा चिमटा काढला की पुढचं वाक्य त्यानं गिळलं. मेथीची जुडी सोडून बघणारा माझा बाप पहिल्यांदाच लेबल पाहून माल घेऊन आला होता, तोही माझ्यासाठी. त्यांना ते कळू द्यायचं नाही, बस्स, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"हाऊच तो, आबा," मी म्हटलं. "ही त्याची लहानपणची गोष्ट आहे. मुखवटा मिळायच्या आधीची."

"आणि टरबुजं?"

"उपाशी व्हता."

आबांनी मान हलवली. उपाशी माणूस त्यांना लगेच पटला.

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी आमचा खेळ. दिवसाला शेकडो साड्यांना सफाईनं घडी घालणारी आबांची बोटं त्या दोन बटणांवर मात्र पार गोंधळायची. बुटका पहिल्याच खड्ड्यात धपकन पडायचा. "मेला बिचारा," आबा म्हणायचे आणि पुन्हा सुरू. मी शेजारी बसून गोष्ट रचायचे: ही गोगलगाय म्हणजे सावकाराचा हेर, हा खेकडा बुटक्याच्या काकाचा मारेकरी. भावाचं तोंड बंद ठेवायला माझ्या वाटणीची चिक्की त्याला जायची. गेम इतका भिकार होता की सांगता सोय नाही. पण मी रेटून नेलं.

आणि मग तो रविवार आला. कारखान्याच्या मालकाच्या घरी लग्न निघालं, कारखाना बंद. सकाळी उठून बघते तर आबा टीव्हीसमोर आंघोळ करून, केस विंचरून बसलेले!

एकदा का त्यांनी खरा नायक पाहिला की संपलं. मी ॲन्टेना फिरवून पडद्यावर मुंग्या आणल्या; आबांनी वर जाऊन तो सरळ केला. मी म्हटलं टीव्ही जळका वास मारतोय. मायनं वास घेतला आणि म्हणाली तुझंच नाक जळालं. शेवटी मी म्हटलं, "आबा, कोथिंबीर संपली." आबा म्हणाले, "मालिका झाल्यावर."

आणि मालिका लागली. पण तो भाग नेमका कसला निघावा? नायकाची फाईल हरवते. पूर्ण अर्धा तास तो फाईल शोधतो. कपाटात, टेबलाखाली, इन्स्पेक्टरच्या घरी. शेवटी एकदाच वेळ थांबवतो, तर मागे उभा असलेला हवालदार डोळे मिचकावत होता, ते सगळ्यांना दिसलं. माझ्यासकट कुणाच्याच अंगावर काटा आला नाही.

आबांनी शेवटच्या नावांपर्यंत सगळं पाहिलं. मग उठून टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"त्या दुकानदारानी माले एक डाव फसाडं," ते म्हणाले. "तू ते दर रविवारले फसाडस!"

माय पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी मात्र गेमकडे बघितलं. म्हणजे कॅसेटचं आबांना माहीत होतं?

आबांनी गेममधून कॅसेट उपसून काढली आणि स्टिकरच्या कोपऱ्याला नख लावलं. कोपरा आधीच सुटलेला होता. खाली दुसरं लेबल, त्यावर तोच ढेरपोट्या, हातात टरबूज. "पहिल्याच बुधवारी, तू पाणी प्यायला उठलीस तेव्हाच पाहिलं," ते म्हणाले. "दिवसभर हेच करतो मी. मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. मला रागही आला होता आणि रडूही. "इतके बुधवार मी मरमर करून..."

"तू म्हणालीस उपाशी होता. मला वाटलं, बघू तरी पुढे त्याचं काय होतं." त्यांनी स्टिकरचा कोपरा अंगठ्यानं दाबून पुन्हा नीट चिकटवला, सवयीप्रमाणे वरून हात फिरवला आणि कॅसेट परत खोचली. पडद्यावर टँव टँव सुरू झालं.

"मंग आते सांग," आबा बटणं हातात घेत म्हणाले. "त्याले मुखवटा कोनी दिन्हा?"

मी फ्रॉकनं नाक पुसलं, फतकल मारली आणि सांगायला लागले.