विमानांवरचं भाषण आणि हाकललेली व्हॅन

बाहेरच्या गाडीने धसईत माणसं सोडायची, उचलायची नाहीत. आमच्या जीप स्टँडचा हा नियम मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. ‘का?’ असं विचारायचं नाही. विचारलंच तर तात्या, म्हणजे माझे मोठे काका आणि स्टँडचे अध्यक्ष, एवढंच म्हणतात, “नियम हाय म्हणून.”

आता माझी अब्रू मी स्वतःच्या हाताने काढणार आहे, तेव्हा चहाचा कप जरा खाली ठेवा. ठसका लागेल.

मुरबाडच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. परदेशी विमान कंपन्यांना देशातल्या देशात विमानं चालवू द्यावीत का, हा विषय. आज त्यांना दुबईहून मुंबईला माणसं आणता येतात, पण मुंबईहून नागपूरला नेता येत नाहीत. चिठ्ठी उचलली, तर माझ्या वाट्याला विरोधाची बाजू आली. जिंकणारा जिल्ह्याला जाणार होता. मला जायचंच होतं! आमच्या घरातून तालुक्याबाहेर बोलायला आजवर कोणी गेलेलं नाही.

विषय ऐकून तात्या ताडकन उठले. “अगो, हे तर आपलं स्टँडच!”

झालं. जन्मात विमानाची पायरी न चढलेली सगळी वडीलधारी मंडळी माझी गुरू झाली. सगळ्यात जुने ड्रायव्हर नामा आजोबा म्हणाले, “परका फक्त भरलेल्या लाइनीवर येल. आडबाजूच्या रिकाम्या फेऱ्या कोन मारल? घरचाच ना?” मी ते वाक्य शुद्ध करून भाषणात घातलं.

स्पर्धेच्या सकाळी स्टँडवरून सुटायचा पहिला नंबर तात्यांच्याच जीपचा. मी पुढे बसले. जीप काही हलेना.

“तात्या, निघू या ना.”

“सीट भरू दे.”

“उशीर होतोय हो!”

“विमान चुकतंय काय तुझं?”

सगळे हसले. तेवढ्यात किन्हवलीची व्हॅन आली. बाजाराच्या बायका उतरल्या, व्हॅन रिकामी झाली. ड्रायव्हर माझ्याच वयाचा. त्याने डोकं बाहेर काढलं. “ताई, मुरबाडला शाळेची पोरं उचलायला चाललोय. बसा. पैसं नकोत.”

शहाण्या मुलीने काय केलं असतं? उडी मारून बसली असती. पण माझ्या अंगात भाषण संचारलेलं! मी खाली उतरले, भर स्टँडवर बोट रोखून गरजले, “तुम्ही माणसं सोडायची, उचलायची नाहीत! आज एक सीट न्याल, उद्या अख्खं स्टँड न्याल!”

टाळ्या पडल्या. नामा आजोबांनी तर शिट्टी मारली. व्हॅनवाला खांदे उडवून निघून गेला. मी विजयी मुद्रेने जीपमध्ये बसले. आणि बसूनच राहिले.

पोहोचले तेव्हा शेवटचा स्पर्धक व्यासपीठावरून उतरत होता. हातापाया पडून संधी मिळवली. बोलले मात्र जोरात. “परके नफ्याच्या मार्गावरच येतील! विमान रिकामं असलं तरी प्रवाशाला वेळेवर पोहोचवतो, तो आपलाच माणूस!”

परीक्षक मॅडमनी शांतपणे विचारलं, “छान. तुम्हाला उशीर का झाला?”

“जीप भरत नव्हती.”

“कोणाची जीप?”

“काकांची.”

“दुसरी गाडी नव्हती?”

एक थाप मारली असती तर निभावलं असतं. पण तोंडून खरंच निघालं. “होती. रिकामी. फुकट नेत होती.”

“मग?”

“मी हाकलली.”

सभागृहात हशा पिकला. दारातला शिपाईसुद्धा पोट धरून हसत होता. जिल्ह्याला दुसराच मुलगा गेला.

परतताना मुरबाडच्या स्टँडवर पुन्हा तात्यांचीच जीप, पुन्हा न भरलेली. नामा आजोबा पुढे बसलेले. मी मागे बसले.

“हरलीस? जाऊ दे,” तात्या म्हणाले. “त्या व्हॅनवाल्याची आमी तक्रार केलीय. उद्या ग्रामपंचायतीत बैठक हाय. तेच भाषण तिथं ठोक.”

“नाही ठोकणार.”

“याच गाडीवर तुझी फी भरली ना गो?”

हे लागलं मला. खरं होतं ते. बाबा गेल्यावर तात्यांनीच शिकवलं.

“भरलीत. म्हणून तोंडावर सांगते. भर पावसात गावचे पेशंट तुम्हीच दवाखान्यात नेता, ते मी चारचौघांत ओरडून सांगेन. पण आपली गाडी वेळेवर सुटते, हे खोटं पुन्हा बोलणार नाही. वेळेवर सोडा, मग व्हॅनपुढे मीच आडवी पडते.”

“अगो, नियम हाय—”

“का हाय?”

या वेळी विचारून मी थांबले. नामा आजोबा खिडकीबाहेर बघू लागले. तात्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

मी दार आपटून तरातरा निघाले आणि चार पावलांवर थबकले. जीप सुटायला दोन सीट कमी होत्या, माझ्या उतरण्याने तीन झाल्या. आणि मला फुकट नेणारी एकच गाडी होती, ती सकाळी मीच हाकलली होती.