जानेवारीपर्यंत बदलता येईल

शाळेत तिला सगळे घड्याळमावशी म्हणत. परीक्षेच्या हॉलमध्ये तिचा एक करडा नियम होता: पेपर नऊला म्हणजे नऊला, आठ एकोणसाठला नाही आणि नऊ एकलाही नाही. पण मुलं तिच्यावर चिडायची नाहीत. कॅल्क्युलेटरची बॅटरी ऐनवेळी मेली तर मावशीच्या खणात दुसरी असायची. हॉलच्या दारात कुणाच्या पोटात गोळा आला तर मावशी म्हणायची, "पाणी पी, मान वर कर, आणि आधी सोपा प्रश्न घे. अवघड प्रश्न कुठे पळून जात नाहीत."

त्या इंटरनॅशनल शाळेच्या परीक्षा विभागात तिची एकोणीस वर्षं गेली. विभाग कसला, जिन्याखालची एक खोली, दोन किल्ल्यांचं लोखंडी कपाट आणि ती. नवरा तिचा चष्म्याच्या दुकानात बसायचा. तो थट्टेने म्हणायचा, "मी लोकांना दिसायची सोय करतो, तू कुणाला इकडेतिकडे बघू देत नाहीस. चाललंय बरं आपलं!"

कोऑर्डिनेटर शाळेत आला तेव्हा नुसता केमिस्ट्रीचा सर होता. पहिल्याच वर्षी बाहेरून तपासणी आली आणि त्याच्या फायलींचा पार बोजवारा उडालेला. मावशीने दोन दिवस बसून त्याला सगळं लावून दिलं. कुठला कागद कुठल्या पाकिटात, कुठली सही कुणाची, एकूण एक. तेव्हापासून तो तिला ताई म्हणायचा. त्याच्या बायकोचं बाळंतपण अडलं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर त्याच्या शेजारी हीच बसली होती. सख्ख्या भावाशी तिचं फारसं पटायचं नाही, त्यामुळे असेल, पण याच्यावर तिचा जीव होता. पुढे तो डिप्लोमाचा कोऑर्डिनेटर झाला, म्हणजे तिचा साहेब. तरी चारचौघांत 'सर' आणि खोलीत 'तू' हे तसंच राहिलं.

त्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांसाठी मुलांपुढे दोन वाटा असत. एक पूर्ण डिप्लोमाची: सहा विषय, एक लांबलचक निबंध, समाजसेवेचे तास, आणि सगळं मिळून निदान चोवीस गुण. दुसरी सुट्या विषयांची: जमतील तेवढे पेपर द्यायचे, प्रत्येकाचं वेगळं प्रमाणपत्र घ्यायचं. दुसरी वाट काही वाईट नव्हती. कितीतरी मुलांना ती पुरायची. पण काही कॉलेजं पूर्ण डिप्लोमा नसेल तर अर्जच घ्यायची नाहीत.

नोव्हेंबरात एका दुपारी कोऑर्डिनेटर अकरा फॉर्म घेऊन तिच्या खोलीत आला. शेवटच्या वर्षाची अकरा मुलं. सराव परीक्षेत जेमतेम तरलेली.

"ताई, यांना तूर्त सुट्या विषयांत टाकूया," तो म्हणाला. "डोक्यावरचं ओझं उतरेल, पाच-सहा महिने नीट अभ्यास करतील. माझं ऐकणार नाहीत, पण तुझं ऐकतील."

"आणि परत डिप्लोमात यायचं म्हटलं तर?"

"जानेवारीपर्यंत बदलता येतंच की. तुला का मी सांगायचं?"

ते खरंच होतं. पंधरा जानेवारीला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत नोंदणीत बदल करता यायचे. बदल ती भरायची, मंजुरीचं बटण फक्त त्याच्याकडे असायचं. अशा मंजुऱ्या त्याने दरवर्षी दिल्या होत्या. मग शंका घ्यायला जागा कुठे होती?

तिने एकेकाला बोलावलं. त्यांत एक मुलगी होती, बास्केटबॉलची कॅप्टन. उंचीमुळे तिला सगळी शाळा जिराफ म्हणायची आणि तीही ओ द्यायची. आई परदेशात नोकरीला, ही आत्याकडे राहायची. तिला फिजिओथेरपी करायची होती, आणि तिच्या मनातल्या कॉलेजला पूर्ण डिप्लोमाच लागायचा.

पेन हातात धरून ती अडली. "मावशी, नक्की परत येता येईल ना?"

"जानेवारीपर्यंत बदलता येईल. मी आहे ना इथे."

जिराफने सही केली. खाली साक्षीदार म्हणून मावशीने केली. कोऑर्डिनेटरने सहीच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या लावून दिल्या होत्या. तिने फॉर्मागणिक दोन, अशा बावीस ठिकाणी पेन टेकवला, वरचा मजकूर वाचला नाही. आपल्याच माणसाचा कागद कोण वाचतं?

जानेवारीच्या सहा तारखेला जिराफ परत आली. सुट्टीभर गणिताला चिकटून बसली होती, गुण वाढले होते. मावशीने तिचा बदल लगेच भरला आणि मंजुरीला पाठवला. दुसऱ्या दिवशी तो नामंजूर होऊन आला. तिला वाटलं, चुकून दाबलं गेलं असेल. ती वर त्याच्या केबिनमध्ये गेली.

"चुकून नाही, ताई. यंदा कुणालाच परत घ्यायचं नाही असं ठरलंय."

"कधी ठरलं?"

तो संगणकाकडेच बघत राहिला. "ऑक्टोबरात."

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. म्हणजे फॉर्म घेऊन तो जिन्याखाली आला, गोड बोलला, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

"अगं, समजून घे," तो म्हणाला. "ही अकरा डिप्लोमात राहिली तर निकाल घसरतो. दारातला निकालाचा फलक बघून पालक येतात. ते आले नाहीत तर तू कुठे आणि मी कुठे?"

"मग हे त्या पोरांना तुझ्या तोंडाने का नाही सांगितलंस? माझं तोंड का वापरलंस?"

तो पुन्हा संगणकाकडे वळला.

ती तडक प्रिन्सिपलबाईंकडे गेली. बाईंनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं, फाइल उघडली आणि जिराफचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. साक्षीदाराच्या सहीवर छापलं होतं: 'हा बदल कायमचा आहे, हे मी विद्यार्थ्याला समजावून सांगितले आहे.' खाली तिची वळणदार सही.

"समजावलं तर तुम्हीच," बाई म्हणाल्या. "आता कांगावा कसला करता?"

एकोणीस वर्षं ती मुलांना कानीकपाळी ओरडून सांगत आली होती की सूचना आधी वाचा. भर कार्यालयात तिला रडू फुटलं नाही, एवढंच. घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचा, त्या दिवशी त्याने हातातला चष्मा पुसून खाली ठेवला आणि विचारलं, "किती दिवस आहेत?"

"आठ."

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच्या फोनवरून अकराही घरी फोन लावले. मी चुकीचं सांगितलं, असं स्पष्ट म्हणाली. मला फसवलं गेलं, हे नंतर म्हणाली. काही जणांनी तिला फाडफाड बोलून घेतलं. तिने ते ऐकून घेतलं आणि शेवटी एकच गोष्ट सांगितली: पालकांच्या सहीने लेखी मागणी द्या, मुदत संपायच्या आत शाळेला नाही म्हणता येणार नाही. चार घरांना सुटे विषयच बरे वाटले. सहा घरचे पालक एकत्र प्रिन्सिपलबाईंपुढे जाऊन बसले आणि त्यांनी आवाज चढवला. बाई नमल्या. सहा मंजुऱ्या झाल्या.

राहिली जिराफ. आत्याची सही चालेना, आईचीच हवी. आई कामाच्या जागी फोन घेऊ शकत नव्हती, निरोप पोचायलाच वेळ लागला. पंधरा तारखेला चार चाळीसला आईचं सही केलेलं पत्र आलं. मावशीने चार बेचाळीसला बदल भरून पाठवला आणि जिना चढून वर गेली. केबिनला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, सर चारलाच निघाले. तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. जिराफ मागे भिंतीला टेकून उभी होती. पाच वाजले. मावशीने मागे वळून तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना," जिराफ म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली, आणि दप्तर खांद्याला लावून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी कोऑर्डिनेटरने सांगितलं की बॅटरी संपली होती.

फेब्रुवारीत मावशीची बदली गणवेशाच्या खिडकीवर झाली. कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्याच कुणाकडे गेल्या. मे महिन्यात हॉलमध्ये पेपर सुरू असताना ती मोज्यांचे जोड लावत बसायची. जुलैत निकाल लागला. परतलेल्या सहापैकी पाच पास झाले. जिराफच्या सुट्या विषयांचे गुण कुणीतरी मावशीला दाखवले. तिने बेरीज केली: नुसत्या सहा विषयांतच सव्वीस. डिप्लोमाला चोवीस लागतात.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी कोऑर्डिनेटर घरी आला, मुलीचं बोट धरून. उपप्राचार्य झाला होता. मुलगी धावत आत आली, तिने मावशीच्या गळ्यात हात टाकले. मावशीने तिला बिस्किटं दिली, त्याला चहा दिला.

"ताई, राग सोड. तुला परत परीक्षा विभागात घेतो. माझ्या हातात आहे आता."

"एक विचारू? तेव्हा फोन खरंच बंद पडला होता?"

तो कप बशीत फिरवत राहिला. "आता ते उकरून काय उपयोग?"

"मग झालं," ती म्हणाली. "चहा संपव. आणि यापुढे ताई म्हणू नकोस."

त्याने चहा संपवला नाही. मुलगी दारातून हात हलवत होती, तिला मावशीनेही हात हलवला. दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला आणि गावातल्या दुसऱ्या शाळेच्या कार्यालयात लागली. तिथे तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात.

जिराफला ते कॉलेज मिळालं नाही. दुसऱ्या एका कॉलेजने आधी एक पूर्वतयारीचं वर्ष करायला लावलं, ते ती करते आहे. हे मावशीला तिच्या आत्याकडून कळलं. मावशीने जिराफला दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. आत्या म्हणाली, वेळ जाऊ द्या, पोर अजून लहान आहे. मावशीला मात्र वाटतं, जिराफचं काही चुकत नाही.