चेहऱ्यातला निळा

आमच्या चाहता मंडळातल्या जुन्या पोरांचा आता मोबाइलवर ग्रुप आहे. पोरं म्हणजे सगळे साठी-सत्तरीचे. गेल्या दिवाळीत कुणीतरी तिथं एका जुन्या बॅनरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'काय पेंटर होते आपले! फ्लेक्स आला आणि बिचारे गेले.' त्याखाली 'खरंय, खरंय' सुरू झालं. माझं डोकंच फिरलं. फ्लेक्स यायच्या कितीतरी वर्षं आधी ते दोघं पेंटर मंडळ सोडून गेले होते. का गेले, हे त्या ग्रुपातल्या काहींना चांगलं माहीत आहे. बाकीच्यांना तेव्हा खोटं कारण मीच सांगितलं होतं, 'कंपनीत लागले.' त्या काळात औरंगाबादेत कुणी दिसेनासं झालं आणि 'कंपनीत लागला' म्हटलं, की पुढं कुणी विचारत नसे. वाळूजला रोज नवी शेड उभी राहत होती.

मी स्वतः तसाच आलेला. आमचं घर बिडकीनच्या बाजूचं, घरात मेंढरं. चिकलठाण्याला कारखान्यात लागलो आणि उस्मानपुऱ्यात खोली घेतली. शहरात ओळख अशी कुणाशी नव्हती. ओळख झाली ती टॉकीजच्या रांगेत, आमच्या हिरोच्या पहिल्या खेळाला. आमचं मंडळ म्हणजे शिट्ट्या मारणारी, पडद्यावर चिल्लर उधळणारी, डोअरकीपरच्या शिव्या खाणारी टोळी होती. कोण कुठल्या वस्तीतला, कोण कोणत्या जातीचा, हे विचारायला शुक्रवारी कुणाला वेळ नसायचा.

त्यात दोन पेंटर होते. ते आधी चाहते, मग पेंटर. एक माझ्याच वयाचा, बौद्ध वस्तीतला. तो चेहरे काढायचा. दुसरा वयानं मोठा, मुसलमान. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. ते अक्षरं काढायचे. टॉकीजच्या मागच्या अंगणात कापड ताणून दोघांचं काम चालायचं आणि मी रंगाचा डबा धरून उभा असायचो, कधी चेहऱ्यामागचा सपाट रंगही भरायचो. चेहरेवाला भारी बढाईखोर. म्हणायचा, "हिरो इथं आला ना, तर आरसा सोडून माझ्या बॅनरपुढं भांग पाडंल!"

चाचा खालून म्हणायचे, "पहले नाक तो सीधी कर रे, फिर भांग पाड."

तो चेहऱ्यावर जबड्याखाली, नाकाच्या बाजूला, डोळ्यांच्या खोबणीत निळा मारायचा. जवळून ते रंगपंचमीसारखं दिसायचं. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं की हिरो श्वास घेतोय असं वाटायचं. काळ्यानं चेहरा मरतो, असं तो म्हणायचा.

मग आमचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्यांच्या मनात महापालिकेची निवडणूक भरली. मंडळाला 'वळण लावायचं' ठरलं. शिट्ट्या बंद, चिल्लर बंद, पांढरे शर्ट, रक्तदान. मला ते आवडलं, हे कबूल करतो. कारखान्यात सुपरवायझर 'टॉकीजवाला' म्हणून हिणवायचा, ते थांबलं.

गावात तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता. एका सकाळी नामांतराच्या विरोधातलं पत्रक पानटपऱ्यांवर चिकटलं. खाली बऱ्याच मंडळांची नावं होती आणि त्यात आमचंही होतं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. चेहरेवाला ते पत्रक वाचूनच अंगणात आला. त्याच्या मावशीचं घर गावाकडच्या दंगलीत जळालं होतं आणि ती त्याच्याकडंच राहत होती.

"हिरोचं नाव घेता घेता आमच्या नावावर उठले व्हय तुम्ही?" तो अण्णांना म्हणाला.

"अरे, चुकून छापलं. छापखान्यावाल्याचा घोळ."

"मग दुसरं छापा. चुकून छापलं म्हणून."

"बघू, बघू."

अण्णांनी ते कधी पाहिलं नाही. तरीही तो राहिला. आज चीड येते ती याची, की तो तेवढंही गिळून राहिला होता. शुक्रवारी नवीन पिक्चर लागणार होता आणि हिरोचा चेहरा अर्धा झाला होता. तो चेहरा त्याला सोडवत नव्हता.

दोन दिवसांनी अण्णांनी मला बाजूला घेतलं. "त्याला सांग, बॅनरात निळा लई झालाय. लोकं म्हणतात, मंडळ त्यांच्याकडं गेलं. तपकिरी मारायला सांग."

"तुम्हीच सांगा ना, अण्णा."

"तुझं ऐकतो तो."

मी गेलो. दुपार होती. चाचा शिडीवर होते. मंडळाच्या नावातला 'चाहता' लिहून झाला होता आणि 'मंडळ' बाकी होतं.

"अण्णा म्हणतात, निळा जरा कमी कर."

"कुठला निळा?"

"चेहऱ्यातला."

"येड्या, ती सावली हाय."

"लोकं वेगळं समजतात म्हणं."

"काय समजतात? हिरो आमच्या वस्तीत राहायला आला?" तो हसला, शिडीवर चाचाही हसले. मी हसलो नाही, तेव्हा त्याचं हसू गेलं.

"तपकिरी घाल म्हणतात," मी म्हणालो.

"भाजलेलं वांगं दिसंल ते." मग त्यानं ब्रश खाली घेतला. "मंडळाचं ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतं ते सांग."

मला काय वाटत होतं ते मला माहीत होतं. इतकी वर्षं डबा मीच धरला होता. तो निळा काढला तर चेहऱ्यात काही उरणार नाही, हे मला कळत होतं. तो एवढंच ऐकायला थांबला होता. मी म्हणालो, "मला काय वाटायचं? मी निरोप घेऊन आलोय."

"मग निरोपच घेऊन जा. मी मंडळात नाय."

चाचाही शिडीवरून उतरले. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही तरी..."

"मैं क्या करूं बाबा? आज उसका नीला नक्को बोले, कल मेरा हरा नक्को बोलेंगे."

दोघं आपापले ब्रश घेऊन गेले. रंगाचे डबे मंडळाचे होते, ते तिथंच राहिले.

त्यानंतर जे झालं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांनी दुसरा पेंटर शोधला नाही, कारण मी म्हणालो, "मी करतो." सगळ्या निळ्यावर मी तपकिरी ओढला. शुक्रवारी लोक बॅनरखाली उभे राहून विचारत होते, "हिरो चुलीत पडला काय रे?" अण्णा मात्र खूश. "आता कसं स्वच्छ दिसतंय," म्हणाले. पोरांनी पेंटर कुठं गेले विचारलं, तेव्हा अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी 'कंपनीत लागले' म्हणून मोकळा झालो.

अण्णा निवडणुकीला पडले. पुढं विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा अभिनंदनाचा पहिला फलक अण्णांचाच लागला. त्यावर निळा असा ओतला होता की अक्षरं वाचता येत नव्हती. मी सायकलवरून तो पाहिला आणि दात-ओठ खात घरी आलो. बोललो तेव्हाही नाही.

ग्रुपवरचं ते फ्लेक्सचं वाचून मात्र राहवलं नाही. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. चेहरेवाला त्याच वस्तीत, त्याच घरात आहे. हात कापतो, आता रंगवत नाही. मी त्याच्याकडं गेलो आणि दारात उभा राहून सांगितलं, "मी खरं काय ते लिहिणार हाय. तुमची दोघांची नावं घालून."

"नाव नको. त्या मंडळाखाली माझं नाव परत नको. चाचाचं बी नको."

"मग लोकांना कळणार कसं?"

"का गेलो ते कळू दे. आणि तपकिरी कुणी मारला ते लिही. 'मंडळानं मारला' असं लिहू नको."

त्याला माहीत होतं. बॅनर पाहायला तो त्या शुक्रवारी आला होता, गर्दीत. ब्रशाचे फटकारे पाहून त्यानं हात ओळखला होता.

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं लिहिलं. तासाभरात अण्णांचा फोन आला. आता ते थकलेत, पण आवाज तोच. "कशाला रे उकरून काढतो? काढून टाक ते."

"नाय काढत."

"तुला काय मिळालं त्यातनं?"

मी फोन ठेवला. काहीच मिळालं नव्हतं, हे खरं आहे. पेंटरनं मला आत ये म्हटलं नाही, की पाणीही विचारलं नाही.