पिशवीवाल्या डॉक्टरबाई

डॉक्टरबाई डोळा नंतर बघत, आधी पिशवी बघत. पेशंट खुर्चीत टेकला की म्हणायच्या, "पिशवी उलटी करा." मग टेबलावर किल्ल्या, तंबाखूची डबी, एसटीची तिकिटं आणि हमखास एखादी औषधाची बाटली पडे. बाई बाकी सगळं सोडून ती बाटली उचलत. सोलापुरातल्या त्या दवाखान्याच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण बाकड्यावर ताटकळणारी आम्ही मंडळी त्यांना पिशवीवाल्या बाईच म्हणायचो.

मी मंद्रूपहून गेले ती पिशवी रिकामी करूनच. ज्वारी काढताना धाटाचं पान उजव्या डोळ्याला घासलं, त्याला आठवडा झाला होता. बुबुळावर पांढरा ठिपका आला होता, उजेड सोसत नव्हता. शेजारी सासूबाई बसलेल्या. "डोळ्यात काय घातलं?" बाईंनी विचारलं. "नुसतं पाणी मारलं," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी सासूबाईंकडे एकवार पाहिलं आणि त्यांना केसपेपर काढायला बाहेर पाठवलं.

"आता सांगा."

मग मी सांगितलं. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली सासूबाईंनी जपून ठेवली होती. "हे घाल गं, लई गार वाटंल," म्हणत चार दिवस त्यांनीच मायेनं थेंब घातले. खरंच गार वाटलं. लालीही गेली.

"बरं वाटलं तेच वाईट झालं," बाई म्हणाल्या. "पानाबरोबर बुरशी आत गेलीय. या थेंबांनी सूज दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं." ठिपका खरवडून त्यांनी काचेवर घेतला, दुर्बिणीखाली पाहिला आणि दर तासाला घालायचं पांढरं औषध लिहून दिलं. बाटली हलवल्याशिवाय थेंब घातला तर त्यांना कसं कोण जाणे, कळायचंच.

एक दिवसाआड त्या ठिपका मिलिमीटरमध्ये मापायच्या आणि आकडा मोठ्यानं म्हणायच्या. तीन. साडेतीन. चार. डोळा वाचेल का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "आज नाही सांगत. परवा." मला त्यांचा राग यायचा. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "बुरशी हट्टी आहे. बुबुळातच सुई द्यावी लागेल. त्यानंही नाही थांबली तर बुबुळ बदलायचं, तेही मिळालं तर." सुई टोचायची वेळ आली. "डाव्या डोळ्यानं माझ्या कानातल्या कुडीकडे बघत राहा," एवढंच त्या म्हणाल्या. त्या कुडीतला एक मोती पडलेला होता, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सुईनंतरच्या परवा चार. त्याच्या पुढच्या परवाही चारच. त्या दिवशी बाई पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या. डोळा राहिला, पण त्यात फूल पडलं. अजून त्या बाजूनं धूसरच दिसतं.

बाहेर बाकड्यावर सासूबाई सगळ्यांना सांगत, "माज्या थेंबानं तग धरला, न्हायतर डोळा कवाच गेला असता." बाईंनी ते ऐकलं होतं. शेवटच्या खेपेला मला म्हणाल्या, "तुमच्या घरातलं तुम्ही बघा. पण पुढची बाटली उघडण्याआधी बोला." मी मान हलवली आणि दोन वर्षं गप्प राहिले. त्या काळात बाई निवृत्त होऊन लेकीकडे निघून गेल्या. मी साधा निरोपसुद्धा घेतला नाही.

यंदाच्या काढणीत शेजारची शांता डोळ्याला पदर लावून आमच्या दारात आली. धाटाचं पान लागलेलं. सासूबाईंनी आपली कापडी पिशवी ओढली. "थांब, माज्याकडं हाय की." सासऱ्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

मी पुढे झाले. "आत्या, पिशवी उलटी करा."

त्या माझ्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिल्या. "बाईनं तवा मला भाईर धाडलं, ते ह्याच्यासाठी व्हय?"

"व्हय, आत्या."

त्यांनी पिशवी उलटी केली. पानाची चंची पडली, किल्ली पडली, बाटली पडली. बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. मग त्या उठल्या.

"शांते, चप्पल घाल. सोलापूरला जायाचं."