इतिहासाच्या सरांचं महायुद्ध

आमच्या वडूजच्या हायस्कुलातल्या इतिहासाच्या सरांना दुसरं महायुद्ध संपल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. नव्वद साल उलटून आठ-नऊ वर्षं झाली होती, तरी ते स्टाफरूममध्ये असा चेहरा करून शिरत, की नुकतीच रंगूनकडून वाईट बातमी आली असावी. मी गणित शिकवत असे आणि माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती, एवढ्या एका अपराधापायी इटलीपासून इंफाळपर्यंतच्या सगळ्या आघाड्यांवर मला चहा पीत हजर राहावं लागे. पन्नाशीच्या माणसाला मधल्या सुट्टीत जरा डोळे मिटावेसे वाटतात. मी मिटले, की ते म्हणत, "मिटा, मिटा. त्यानं रणांगण जास्त चांगलं दिसतं."

त्यात इंटरनेट आलं. म्हणजे साताऱ्यात आलं. आमच्या शाळेचा एकुलता एक संगणक टॉवेलखाली झाकलेला असे आणि दसऱ्याला हळदकुंकू लावून घेण्यापलीकडे त्याच्यावर काही जबाबदारी नव्हती. त्यामुळे दर रविवारी सकाळी नववीची दहा मुलं, सर आणि मुलं सांभाळायला मी, असे एसटीनं साताऱ्याच्या सायबर कॅफेत जाऊ लागलो. आपल्या गावातून त्या युद्धात गेलेला एकेक शिपाई प्रत्येकानं शोधायचा, हा सरांचा गृहपाठ. "निम्मं संगणक सांगेल, निम्मं घरच्या म्हाताऱ्यांना विचारा," हा त्यांचा नियम. पडद्यावर फोटो वरून खाली इतका सावकाश उतरे, की एखाद्या सेनापतीच्या टोपीपासून मिशीपर्यंत पोचेतो सर त्याची अख्खी लढाई शिकवून संपवत. मृतांच्या याद्यांत आपल्याकडची नावं कुठल्याशा गोऱ्या कारकुनानं कानावर पडतील तशी लिहिलेली. एकेका आडनावाची दहा-बारा स्पेलिंगं करून बघावी लागत. मुलं जांभया देत. एकानं विचारलं, "सर, ह्ये परीक्षेला हाय का?" "नाही," सर म्हणाले, "म्हणून तर नीट लक्ष दे." परतीच्या गाडीत मुलं झोपत, मीही झोपे आणि सर कंडक्टरला उत्तर आफ्रिका समजावून सांगत.

अशाच एका रविवारी सुमन नावाच्या मुलीचा शिपाई सापडला. तिच्या आजोबांचा थोरला भाऊ. लग्नानंतर वर्षभरात पलटणीत गेला आणि पुढं बेपत्ता झाला, एवढंच गावाला माहीत. त्याची बायको, सुमनची थोरली आजी, अजून कपाळभर कुंकू लावत होती. आणि इथं पडद्यावर त्याचं नाव, नंबर, गाव, इटलीतल्या स्मारकाची जागा, सगळं स्वच्छ लिहिलेलं. सरांनी आनंदानं तो कागद, स्मारकावरच्या आपल्याकडच्या नावांच्या यादीसकट, छापून घेतला. सुमन मात्र रडवेली झाली. "सर, आजीला सांगू नगा. ती वाट बघती अजून."

त्या दिवशी कंडक्टरला पहिल्यांदाच शांतता मिळाली. पुढचे चार दिवस स्टाफरूममध्ये एकही लढाई झाली नाही. मी डोळे मिटून बसून पाहिलं, पण मलाच करमेना. पाचव्या दिवशी सर म्हणाले, "तुम्ही काय केलं असतं?"

"मी गणित शिकवतो," मी म्हणालो.

"शोधायला आपणच गेलो. सापडल्यावर ज्याचं त्याला द्यायला नको?" मग आवाज उतरवून म्हणाले, "पण एकट्यानं नाही जमायचं. चला माझ्याबरोबर."

रविवारी दुपारी आम्ही एसटीनं सुमनच्या गावी, तिच्या घरी गेलो. थोरली आजी सोप्यात शेंगा फोडत बसली होती. सरांनी घसा तीनदा साफ केला. जगातल्या एकूण एक मोहिमा तोंडपाठ असलेला तो माणूस, "आजी, तुमच्या मालकांचं..." एवढं बोलून थांबला.

"गेलं, त्येच न्हवं?" आजी म्हणाली. "ठावं हाय मला. तार आली तवा मामंजींनी चुलीत घातली. चुलीम्होरं मीच हुते. सासूबाईंनी हाय खाल्ली असती, म्हणून कुकू ठिवलं. पुढं त्या गेल्या, तवर कपाळाला सवय झाली हुती." सुमन दाराशी उभी राहून रडत होती. आजीनं हात पुसून कागद मागितला. "कुठं पडले, त्येवढं कुणी सांगितलं न्हवतं."

सरांनी सांगितलं. इटली, पलीकडे समुद्र, एक भिंत, तिच्यावर नावं.

"एकलेच हायत का तितं?"

"नाही, आजी. आपल्याकडचे पुष्कळ आहेत."

"कोण कोण?"

सरांनी चष्मा लावला आणि कागदावरची यादी, एकेका ओळीवर बोट ठेवून, पहिल्यापासून वाचायला घेतली. गणपत. धोंडी. बाबू. यशवंत. प्रत्येक नावाला आजी "व्हय" म्हणत होती, जणू एकेक जण उंबरा ओलांडून आत येत होता. सरांना जुना दमा, मधेमधे श्वास अडकत होता, पण एकही नाव त्यांनी गाळलं नाही.

यादी संपल्यावर आजी म्हणाली, "मास्तर, लई दमलाय. पडा की जरा." तिनं घोंगडं अंथरलं आणि सर निमूटपणे आडवे झाले. पाचच मिनिटांत त्यांना गाढ झोप लागली.

आमची परतीची गाडी निघून गेली, तरी मी त्यांना उठवलं नाही. उन्हं अंगणातून मागं सरत होती. आजी कागद मांडीवर घेऊन बसली होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण बोट मात्र बरोबर मालकांच्या नावाच्या ओळीवर होतं.